तांदळाचा डबा

वादळ संध्याकाळी किनाऱ्याला धडकणार होतं. घट्ट झाकणाचा डबा घरात एकच. कुंदाने त्यातले तांदूळ परातीत ओतले आणि लेकाचा कॅमेरा, लेन्स सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवलं.

मग त्याच्या गादीखाली व्हेप सापडली, ती बॅटरीवरची सिगारेट. "विष ओढतोस!" म्हणत आधीची तिनेच खाडीत भिरकावली होती. अबोला धरूनच तो समुद्रातल्या बार्जवर कामाला गेला होता.

नवरा सकाळपासून बार्जच्या कंपनीला फोन लावत होता. कुणी उचलत नव्हतं.

"अगो, ती कशाला ठेवतेस? टाकून दे," तो म्हणाला.

कुंदाने व्हेप पदराने पुसली, कॅमेऱ्याशेजारी ठेवली आणि अंगाचा सगळा भार टाकून झाकण बसवलं.

"त्याची आहे ती," ती म्हणाली. "येऊ दे त्याला. माझ्यासमोर बसून ओढू दे."