सातवा डाव संपेपर्यंत

"सोळा डॉलर? एका डब्याला?" कॅझ ओरडला. "लमार, सोनं विरघळवलंय का रे त्यात?"

"संत्र्याची साल आहे, काका. छोट्या भट्टीतली, खास."

"मग संत्रंच खावं माणसानं, स्वस्त पडेल! बड, तू तेरावाली तांबूस घे. अकरावाली म्हणजे नुसतं पाणी."

बडनं मुकाट्यानं तेरावाली मागवली. मिलवॉकीच्या बिअर कारखान्यात कॅझची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे बेसबॉलच्या मैदानावर या रांगेत त्याचा शब्द शेवटचा. लमार पायऱ्यांवर उभा राहून विकायचा आणि डबे हातोहात आत सरकायचे. कडेला कॅझ, मग त्याची मुलगी ट्रुडी, तिच्यापलीकडे रांगेतला नेहमीचा सोबती बड. म्हणजे प्रत्येक डबा आधी कॅझच्या हातात.

सकाळी बायकोनं कपाळावर हात मारला होता. "आज दारू सोडून वर्ष भरतंय, आणि आजच त्या बिअरच्या पुरात कशाला जाताय दोघं?"

"घरात कोंडून घेतलं की कुणालाही जमतं," कॅझ म्हणाला होता. "मॅच बघून कोरडं परत यायचं, तर खरं. बघच तू!" वर्षभर दारूला न शिवणाऱ्याला मिळतं ते काशाचं नाणं त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं होतं.

सातवा डाव संपला की बिअर बंद, हा इथला नियम. तेवढं निभावायचं होतं. ट्रुडीची नजर सारखी धावफलकावर. तिच्या मांडीवरच्या शेंगा तशाच पडून होत्या.

"तुम्हाला काय देऊ, काका?" लमारनं डोळा मारला. "संत्र्याची?"

"लिंबू सरबत. दोन."

"अरेरे! सिंहानं गवत खाल्लं!"

"खातो बाबा. तुझं काय जातंय?"

सहाव्या डावात बडनं हट्टानं सोळावाली मागवली. डबा फेसाळत कॅझच्या हातात आला, आणि नेमका तेव्हाच चेंडू उंच उडाला. बड उभा राहून आरडाओरडा करत होता. डबा कॅझच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. ट्रुडी टक लावून त्या डब्याकडे बघत होती.

"बाबा, द्या ना इकडे. मी देते त्याला." तिनं हात पुढे केला.

"राहू दे. माझा हात लांब आहे." त्यानं उठून तिच्यावरून वाकून डबा बडला दिला, दिवसभर देत होता तसाच.

"काका, पोरीला हात नाहीत का?" बड हसला.

"तू पी गुमान."

सातवा डाव संपला. लमारनं रिकामी पेटी खांद्यावर टाकली आणि तो पायऱ्या उतरून गेला. कॅझनं लांब श्वास सोडला. खिशातलं नाणं काढताना त्याचे डोळे भरून आले.

"निभावलंस गं पोरी," म्हणत त्यानं ते ट्रुडीच्या तळहातावर ठेवलं.