थवा उठला

खडकाच्या कपारीत ती पालथी पडून होती आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घालत होती. उठव की थेरड्या, उठव एकदाचा थवा!

समोरच्या कातळावर सुरय पक्ष्यांची वीण चालू होती. उघड्या दगडावर अंडी, नुकती फुटलेली पिल्लं, आणि त्यांना पोटाखाली घेऊन बसलेल्या माद्या. पलीकडे ट्रायपॉडवर कॅमेरा लावून सर. उडत्या समुद्रपक्ष्यांच्या फोटोंसाठी नावाजलेले सर! ते फोटो कसे निघतात हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. विणीच्या दिवसांत घरट्यांजवळ जायचं, कुणीतरी मोठ्याने टाळ्या वाजवायच्या, आणि घाबरून अख्खा थवा उठला की सरांनी बटण दाबायचं. ते कुणीतरी म्हणजे ती. कितीतरी वर्षं तिने इमानेइतबारे टाळ्या वाजवल्या. वर तिने काढलेला सर्वांत चांगला फोटो सरांनी आपल्या पुस्तकात आपल्याच नावावर छापला. का, तर म्हणे कॅमेरा त्यांचा होता! त्या दिवसापासून तिने डूख धरला होता.

गेल्या आठवड्यात पक्षिनिरीक्षकांच्या क्लबच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. "सर, तुमच्या फोटोतला एकही थवा आपणहून उडालेला नाही."

सर हसले. "पुरावा आण, बाळ. नुसत्या तोंडाच्या वाफा काय कामाच्या?" मग शेजाऱ्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "रविवारी मी कातळावर चाललोय. एकटाच."

बाकीचेही हसले. ते हसू तिच्या जिव्हारी लागलं.

म्हणून आज ती उजाडल्यापासून दबा धरून बसली होती. क्लबचा नियम कडक होता. घरट्यावरून पक्षी उठवणाऱ्याची कायमची हकालपट्टी. एक फोटो मिळाला की सरांचं नाव मातीत. पण सर काही केल्या पक्षी उठवेनात. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. कॅमेरा धरलेल्या हातांनी तर मुळीच नाही. ऊन चढलं. सरांनी डबा खाल्ला, पाणी प्यायलं, टोपी सारखी केली आणि ते पुन्हा शांत बसून राहिले. म्हातारपणी अक्कल आली की काय? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुरावा मिळणार नसेल तर तो तयार करावा लागेल, एवढंच.

तिने कॅमेरा दगडावर ठेवला, ती गुडघ्यांवर उठली आणि पक्ष्यांकडे बघत तिने टाळी वाजवली. मग आणखी एक, जोरात.

थवा उठला. आभाळ पांढरं झालं, कान किटले. तिने कॅमेरा उचलला आणि ती बटण दाबतच सुटली. तेवढ्यात टपून बसलेला एक कुरव, समुद्रावरचा तो दरोडेखोर, खाली झेपावला आणि उघडं पडलेलं एक पिल्लू उचलून घेऊन गेला. हे पापही म्हाताऱ्याच्याच माथी, असं तिने स्वतःला बजावलं आणि ती पुन्हा कपारीत दडली.

तिने फोटो उघडला. फोटो कसला, फाशीचा दोर! उसळलेला थवा, चोचीत पिल्लू धरलेला कुरव, आणि या सगळ्याच्या मागे कॅमेऱ्याला डोळा लावून सर. शंकेला जागाच नव्हती. आता त्यांना डोळे भरून पाहावं, म्हणून तिने सरांचा चेहरा मोठा केला.

चेहरा दिसलाच नाही. त्याच्या जागी सरांची लेन्स होती. काळीभोर, वाटोळी, थेट तिच्यावर रोखलेली.