वाजणारी वाट

“हे नाही ऐकू आलं!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या.

काका पट्ट्यावरून खाली उतरले. खडीवाल्यानं अंगणात पाच घमेली ओतून पाच तऱ्हेच्या दगडांचे पाच पट्टे पसरले होते, आणि काका सकाळपासून चपला काढून त्यांच्यावरून येरझाऱ्या घालत होते. काकू आत दार लावून कान देऊन बसल्या होत्या.

खडीवाल्याचं डोकं चक्रावून गेलं होतं. लोकांच्या बागांत शोभेचे दगड अंथरून देण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. गिऱ्हाईक रंग विचारतं. पांढऱ्यावर शेवाळ धरतं का, मधून गवत वर येतं का, ते विचारतं. या काकांनी त्याचा फोटोंचा अल्बम न उघडताच परत केला होता. त्यांचा प्रश्न एकच. पाय पडला की यातलं सगळ्यात जास्त वाजतं कोणतं?

“चोराचिलटांची भीती वाटते का काका?” त्यानं विचारून पाहिलं.

“चोर नेणार काय आमच्याकडून? माझी मोजणीची साखळी?” काका हसले.

जन्मभर त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. डोंगर, नाले, बांध, पायवाटा, काही पालथं घालायचं ठेवलं नव्हतं. अजूनही बोलता बोलता ते बोटानं हवेत हद्द आखायचे.

ते चौथ्या पट्ट्यावर चढले. फोडीव खडी करकरली.

“हे आलं!” काकू आतून ओरडल्याच. “थांबा, मिक्सर लावते. हां, आता चाला.” मिक्सर घरघरला, थांबला. “आलं! तरीही आलं!”

झालं एकदाचं, असं मनाशी म्हणत खडीवाला उठला. पण काका एका पायावर उभे राहून दुसऱ्याचा तळवा बघत होते. अंगठ्याखाली रक्ताचा ठिपका आला होता.

“टोचतंय गं.”

“मग नकोच ते,” काकू तिथल्या तिथे म्हणाल्या. “पुढचं बघा.”

“अहो काकू, अनवाणी कोण चालणार आहे इथे?” खडीवाल्याला राहवलं नाही.

काका पाचव्या पट्ट्यावर चढले. चिंचोक्याएवढे, नदीत घासून गुळगुळीत झालेले गोटे. ते पायाखाली खळखळले, पण रुतले नाहीत. मिक्सर पुन्हा एकदा घरघरला. तेच ठरले.

काम तीन दिवस चाललं. दारापासून फाटकापर्यंतची चांगली धडधाकट फरशी काकांनी उखडायला लावली. गुलाबांचे वाफे गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार बोटं जाड थर. नळाखालची एक शिळा खडीवाल्यानं बादली ठेवायला म्हणून तशीच सोडली होती, तर काका तिच्यावर उभे राहून म्हणाले, “ही काढ. इथून आवाज न करता निसटेल की माणूस.”

म्हाताऱ्याला बायकोचा केवढा हा जाच, असं खडीवाल्याच्या मनात आलं. बाई खिडकी सोडत नव्हती. काका नळापाशी गेले तरी तिची मान वळायची, फाटकाशी गेले तरी वळायची. बोलायला गोड, पण पाळत म्हणजे किती ठेवावी माणसानं नवऱ्यावर!

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं घमेलं रिकामं झालं. हातपाय धुऊन खडीवाला पायरीवर टेकला. त्याला आता गप्प बसवेना.

“काका, राग मानू नका. जे कोण असेल ते असो, पण फाटकाला एक कुलूप घातलं असतं तर भागलं असतं. एवढा खटाटोप कुणाला अडवायला?”

“मला,” काका म्हणाले.

खडीवाला बघतच राहिला.

“गेल्या महिन्यात दोनदा झालं. एकदा बसथांब्यावरच्या फळवाल्यानं आणून सोडलं. एकदा पोलिसांनी. पायात काही नव्हतं म्हणे.” काका दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसे सांगत होते. “मला त्यातलं काही आठवत नाही. मी लोकांना त्यांच्या हद्दी दाखवून दिल्या, आणि आता... डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तोवर आपलं आपण निवडून घ्यावं. नंतर कोण विचारतंय.”

खडीवाल्यानं उगाचच समोरची खडी हातानं सारखी केली.

“आणि कुलपाचं म्हणशील,” काका म्हणाले, “तर ते मीच म्हणत होतो. दोन आणूनही ठेवली होती. हिनं नाही ऐकलं.”

काकू चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एक कप खडीवाल्याच्या हातात दिला, दुसरा काकांच्या हातात देऊन त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवली.

“का हो काकू?” खडीवाल्यानं हळूच विचारलं. “कुलूप असतं तर तुमच्याही जिवाला घोर नसता.”

“अडवायचंय कुणाला?” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं हे फिरतीवर एकटेच गेले. आता निघतील तेव्हा मला बरोबर जायचंय.”