वटवट्या नाही

"आता इथे तोंडाला कुलूप," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि बांधावर थांबल्या.

टेलरबाईंनी लगेच ओठ मिटले. ऑपरेटरबाईंच्याच इमारतीत, तळमजल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या आज पहिल्यांदाच पक्षी बघायला सोबत आल्या होत्या, तेही नवऱ्याचे गमबूट घालून. ते बूट पावलागणिक पचक पचक वाजत होते.

नदीला यंदा ऐन थंडीत पूर आला होता. सगळं खोरं पाण्याखाली. कुंपणांची नुसती टोकं वर, आणि टोकाटोकावर बगळे. बदकं तर विचारूच नका. ऑपरेटरबाईंनी दुर्बीण लावून सगळी मोजली, वहीत लिहिली. पण बदकं काय, कोणीही मोजेल. त्यांना हवा होता पाणकणसातला वटवट्या. मुठीत मावेल एवढा भुरका जीव, गवताच्या पोटात शिरून बसतो, दिसायचं नाव नाही. तो ऐकावाच लागतो. पूर्वी दर हिवाळ्यात पाच जण यायचे मोजायला. कुणी वारलं, कुणी मुलांकडे गेलं, कुणाचे गुडघे गेले. उरल्या ऑपरेटरबाई एकट्या. आणि तेव्हापासून वटवट्यानंही पाठ फिरवली. चार हिवाळे वहीत त्याच्यापुढे 'नाही'. यंदाही सापडला नाही, तर खोऱ्यातून तो संपला असं पक्षिमोजणीच्या ऑफिसला कळवायचं होतं. त्या पत्राच्या नुसत्या विचारानं त्यांना रडू यायचं.

टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं काढलेली बाई. 'हॅलो' म्हटल्याबरोबर माणूस ओळखायची. त्या जिवाचा कान करून उभ्या राहिल्या. लांबवर टिटवी ओरडली. पाण्यात काहीतरी डुबुक झालं. पाणकणसात मात्र चिडीचूप.

पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"संपला बिचारा," त्या म्हणाल्या, आणि वही उघडून त्यांनी पाचवं 'नाही' लिहिलं.

"आता बोलू?" टेलरबाईंनी हळूच विचारलं. "मावशी, ते समोर मेलं कोण एवढं किचकिचतंय? तेल संपलं की माझी मशीन अशीच करते. आलो तेव्हापासून चाललंय. दम कसा लागत नाही त्याला!"

ऑपरेटरबाई गर्रकन वळल्या. "कुठे?"

"अहो, हे काय, नाकासमोर! त्या तुऱ्याखाली. आणि तिकडे अजून एक."

ऑपरेटरबाईंनी मान तिरकी केली. डावा कान पुढे केला, मग उजवा. वारा पडलेला होता, तरी पाणकणसाचं एक पातं हलत होतं.

"आता थांबला?"

"छे, चालूच आहे."

"आता?"

"मावशी, चेष्टा करताय का माझी?"

ऑपरेटरबाईंना हसू आलं. आहे, अजून आहे! आनंद खराच झाला. त्यांनी 'नाही' खोडून 'दोन' लिहिलं. मग मागची पानं उलटून जुने चार 'नाही' खोडायला पेन टेकवलं, आणि उचललं. त्या त्या वर्षी तो होता की नव्हता, हे आता विचारायचं तरी कुणाला? तेव्हा बांधावर त्या एकट्याच होत्या.

"चला ना मावशी, माझे पाय पार गारठले," टेलरबाई बूट आपटत म्हणाल्या.

"थोडं थांब गं," ऑपरेटरबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "तो बोलायचा थांबला की मला सांग. मग निघू."