निगेटिव्हचा कागद

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सितिवेनीच्या ऑक्सिजनचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चाळीसवर नेलं. वय चौदा महिने. जन्म टाळेबंदीतला. आजवर त्याला साधी सर्दीही झाली नव्हती.

त्याची आजी लेसिएली वॉर्डच्या दाराबाहेर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आत एकालाच सोडत होते, आणि आत तिची मुलगी औलोला होती. सीमा उघडल्यावर, नऊ दिवसांपूर्वी, लेसिएली सिडनीहून ऑकलंडला आली. विमानतळावर तिने नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं आणि टोंगन माणसं घेतात तसा मुका घेतला. नाक गालावर टेकवून खोल श्वास. मग दुसरा गाल. पुन्हा पहिला.

"आई, थोडा वास आम्हाला ठेव," औलोला तेव्हा हसत म्हणाली होती.

आता ती दाराशी आली. डोळे तारवटलेले.

"येताना तुला सर्दी होती?"

लेसिएलीने पर्समधून बायबल काढलं, बायबलातून घडी घातलेला कागद. निघण्याआधी नाक गळत होतं, म्हणूनच तर तिने तपासून घेतलं होतं. कोविड निगेटिव्ह.

ब्रिजिड नर्सने तो नीट वाचला. "कागद खरा आहे, आजी. पण दुसऱ्या आजाराचा. ह्याला आरएसव्ही झालाय."

हा विषाणू दर हिवाळ्यात येतो, मोठ्यांना नुसती सर्दी होते आणि तान्ह्यांना छातीत गाठतो, तिने सांगितलं. गेल्या वर्षी सगळंच बंद होतं, तर तोही आला नाही. "यंदा दोन हिवाळ्यांची पोरं एकदम आलीत. खाटा एकाच हिवाळ्याच्या."

कोणाकडून लागला ते सांगता येत नाही, असंही ती म्हणाली. लेसिएलीने कागद पुन्हा बायबलात ठेवला.

"मी तोंड धुऊन येते," औलोला आईकडे न बघता म्हणाली. "तोवर तू बस त्याच्याजवळ."

पोराच्या नाकात नळ्या होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तोंडावर मास्क असूनही त्याने आजीला ओळखलं. नऊ दिवसांत शिकला होता तसा त्याने गाल पुढे केला.

लेसिएलीने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात तेवढा मागे, त्याच्या दिशेने धरला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी चाळीसचे पन्नास टक्के केले.