खाणीतलं घुबड

पक्षीनिरीक्षक मंडळानं मास्तरांसाठी भरवलेल्या शोकसभेत शिंपीबुवांनी सगळ्यांना रडवलं. "बारा वर्षं दर रविवारी पहाटे मास्तर आणि मी बंद खाणीवर जायचो. 'बुवा, तिकडं झाडीत बघा, काहीतरी हललं!' म्हणायचे. पण शृंगी घुबड काही दिसलं नाही. आमच्या मास्तरांची तेवढी एक इच्छा राहिली हो!"

सभा उठल्यावर मास्तरांच्या बायकोनं त्यांची नोंदवही बुवांच्या हातात ठेवली. "भावजी, तुमच्याइतकं जवळचं त्यांना कोण होतं? ही तुम्हीच ठेवा."

बुवांनी डोळे पुसून मधलंच पान उघडलं. मास्तरांचं अक्षर नेहमीसारखं टापटीप.

'पहाटे पावणेसहा. उत्तरेच्या कड्यावर शृंगी घुबडाची जोडी. बुवांना झाडीकडं बघायला लावलं.'

पुढच्या पानावरही घुबड. त्यापुढं पिल्लांसकट घुबड. आणि दर वेळी बुवा झाडीकडं.

"लबाड माणूस!" बारा वर्षं झाडीकडं वळवून आखडलेली बुवांची मान रागानं ताठ झाली. वही मिटता मिटता शेवटची नोंद दिसली.


'आजही दाखवलं नाही. एकदा घुबड दिसलं, की बुवा पुढच्या रविवारी कशाला येतील?'