अकरावा ऑटो

पोत्यात ऑटो अकरा भरले. वैष्णवीनं दोनदा मोजले. बेंबळीच्या शिवारातल्या डीपीवरून वीज घेणाऱ्या मोटरीही अकराच होत्या, म्हणजे एकही सुटला नव्हता.

लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारी ही डबी प्रत्येकानं विहिरीवरच्या पेटीत बसवली होती. त्यामुळं अकराही मोटरी एकदम उठायच्या. उठताना मोटर सहापट वीज ओढते, हे वैष्णवी धाराशिवच्या कॉलेजात शिकली होती. डीपीवरचा फ्यूज उडायचा आणि वायरमन येईपर्यंत विजेची पाळी संपायची. त्यात राज्याला वीज कमी पडत होती, बाहेरून घ्यावी तर महाग. आठ तासांची पाळी चारावर आली होती. कांद्याचा भाव वाढला तर आपल्याला कळत न्हाय, विजेचा वाढला की लगेच कळतो, असं तिचे वडील बब्रुवान म्हणायचे. त्यांची दोन एकर ज्वारी पोटऱ्यात होती. या आठवड्यात पाणी बसलं नाही, तर कणसं भरणार नव्हती.

म्हणून वैष्णवीनं चिठ्ठ्या टाकून नंबर लावले. पाच-पाच मिनिटांनी एकेकानं हातानं मोटर चालू करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिभीषणकाकांनी तर आपला ऑटो स्वतः आणून दिला, वर चहा पाजला. शेवटचा नंबर बब्रुवानांना आला.

सोमवारी वैष्णवी घड्याळ घेऊन डीपीपाशी उभी राहिली. लाईट आली. फाडकन आवाज झाला आणि फ्यूज उडाला.

ती एकेक पेटी उघडत निघाली. बिभीषणकाकांच्या पेटीत कोरा ऑटो बसवलेला होता; वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. पुढच्या पेटीत तेच. दहा पेट्या, दहा नवे ऑटो. ज्याला विचारावं त्याचं म्हणणं एकच: बाकीच्यांनी काढलाय की, माझ्या एकट्याच्यानं काय होतंय?

अकराव्या विहिरीवर बब्रुवान पेटीला टेकून बसले होते. पेटीत ऑटो नव्हता. वैष्णवीचा जीव भांड्यात पडला.

"अण्णा, शब्द पाळला तो तुम्ही एकट्यानं."

"मग? ऑटोला म्या हात लावला न्हाय," बब्रुवान म्हणाले. "दिवस उगवल्यापासून बटणावर बोट ठेवून बसलो हुतो. लाईट आली की दाबलं."

वैष्णवीनं वही काढली. वीज आली, नऊ वाजून दहा मिनिटं. टिकली, चार सेकंद.